भाड्याची गाणी

फ्रँकफर्टचा विमानतळ मागे टाकून माइन्झच्या दिशेने निघालेली एस-८ ही लोकल थोड्याच वेळात र्युसेल्सहाइमला पोचते. माइन नदीच्या काठचं हे गाव ओपेलचं. आडाम ओपेल यांनी १८६२ मध्ये इथे शिलाई मशिनं बनवायला घेतली, पुढे सायकली आल्या, १८९९ पासून मोटारी. २००५ च्या सुमारास या गाडीने पाळीला जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या कानांत इअरफोन दिसायला लागले होते. खिशात आयपॉड, नाहीतर क्रिएटिव्ह, आयरिव्हर, सॅमसंग यांपैकी कुणाचा तरी एमपी-थ्री प्लेअर. त्यातली गाणी बहुतेक सीडीवरून उतरवलेली, मित्राकडून घेतलेली किंवा इंटरनेटवरून फुकट उचललेली. रीतसर विकत घेतलेली थोडी. संगीत कंपन्यांची झोप उडाली होती ती यामुळेच.

डिसेंबर २००५ मध्ये नॅपस्टर जर्मनीत आलं आणि त्याने ग्राहकापुढे वेगळाच मार्ग ठेवला. नाव जुनं होतं. शॉन फॅनिंग या कॉलेजातल्या मुलाने १९९९ मध्ये सुरू केलेल्या मूळ नॅपस्टरवरून जगभरची पोरं एकमेकांची गाणी फुकट घेत असत. २००१ मध्ये कोर्टाच्या दणक्याने ते बंद पडलं. पुढे नाव तेवढं दुसऱ्या कंपनीने विकत घेतलं आणि त्याच पाटीखाली कायदेशीर दुकान थाटलं. महिन्याला ९ युरो ९५ सेंट भरा आणि संगणकावर हवं तेवढं ऐका. गाणी प्लेअरमध्ये भरून बरोबर न्यायची असतील तर १४ युरो ९५ सेंट. एक-दोन सीडींच्या पैशांत लाखो गाणी. कागदावर याहून स्वस्त सौदा सापडणं कठीण होतं.

प्रत्यक्षात काय होत असे ते जवळून पाहण्यासारखं आहे. प्लेअर तारेने संगणकाला जोडायचा. गाणं प्लेअरमध्ये जाताना त्याच्यासोबत एक परवाना जायचा, मायक्रोसॉफ्टने तयार केलेला, मुदतबंद. महिन्यातून एकदा तरी प्लेअर पुन्हा संगणकाला जोडून ती मुदत वाढवून घ्यावी लागे. वर्गणी थकली, किंवा सुट्टीवर गेल्यामुळे जोडायचं राहून गेलं, की गाण्यांची नावं छोट्या पडद्यावर दिसत राहायची आणि गाणं वाजायचं नाही. एखादं गाणं सीडीवर घ्यायचं असेल तर त्याचे पैसे वेगळे. आणि सगळ्यांत मोठी अडचण म्हणजे ही गाणी आयपॉडवर चालतच नव्हती. म्हणजे जो प्लेअर सर्वांत जास्त खपत होता, नेमकी त्याच्याच मालकाला ही योजना बंद.

अमेरिकेत हीच योजना त्याच वर्षी फेब्रुवारीत सुरू झाली होती. सुपर बोलच्या सामन्यात नॅपस्टरने जाहिरात दिली : आयपॉड गाण्यांनी भरायचा तर दहा हजार डॉलर लागतील, आमच्याकडे महिन्याला पंधरा. स्टीव्ह जॉब्झ यांचं म्हणणं याच्या अगदी उलट होतं. लोकांनी आजवर गाणी विकत घेतली आहेत, त्यांना ती मालकीचीच हवी असतात, वर्गणीचा धंदा चालायचा नाही, असं ते कितीदा तरी बोलून दाखवत. त्यांचं आयट्यून्सचं दुकान जून २००४ मध्ये जर्मनीत उघडलं होतं, ९९ सेंटला एक गाणं या दराने. पोर्टेबल प्लेअरवर लोकांना वर्गणीची गाणी हवी आहेत की नकोत, हा वाद पुढची तीन-चार वर्षं असाच धुमसत राहिला.

मोटारींच्या गावात या प्रश्नाला आणखी एक पदर होता. तेव्हाच्या बहुतेक गाड्यांत रेडिओ आणि सीडी एवढंच असे, प्लेअर जोडायला जागाच नसे. प्लेअरमधलं गाणं छोट्या एफएम ट्रान्समीटरने गाडीच्या रेडिओवर ऐकण्याची युक्ती अमेरिकेत सर्रास चालायची; जर्मनीत ते ट्रान्समीटर वापरायला २००६ च्या फेब्रुवारीत परवानगी मिळाली. म्हणजे सुरुवातीला तरी महिन्याचे पंधरा युरो भरणाऱ्या माणसाला, जिथे तो सर्वांत जास्त गाणी ऐकतो त्या गाडीतच ती ऐकता येत नव्हती.

आता र्युसेल्सहाइमपासून पंचवीस-तीस किलोमीटरवरच्या डार्मस्टाटला जाऊ. तिथे जर्मन टेलिकॉमच्या टी-ऑनलाइन कंपनीचं मुख्यालय होतं आणि तिचंच म्युझिकलोड हे गाण्यांचं दुकान जर्मनीतल्या सर्वांत मोठ्या दुकानांपैकी एक होतं. २००७ च्या मार्चमध्ये म्युझिकलोडने एक गोष्ट उघडपणे सांगून टाकली. ग्राहकांच्या मदतीसाठी येणाऱ्या दर चार तक्रारींपैकी तीन तक्रारी गाण्यांना लावलेल्या कुलपांमुळे येतात. पैसे दिले, गाणं उतरवलं, पण वाजत नाही. ज्या कलावंतांनी कुलपाशिवाय गाणी विकायला संमती दिली, त्यांची विक्री वाढली, हेही त्यांनी सांगितलं. एखाद्या दुकानदारानेच मालाच्या बांधणीबद्दल अशी तक्रार करावी हे मला त्या सगळ्या काळातलं सर्वांत प्रामाणिक विधान वाटतं. त्याच्या महिनाभर आधी जॉब्झ यांनी कुलपं काढा असं जाहीर पत्र लिहिलं होतं. एप्रिलमध्ये ईएमआयने ती काढायला सुरुवात केली. कुलूप ज्यांनी बनवलं त्या मायक्रोसॉफ्टने तर २००६ मध्ये झून नावाचा स्वतःचा प्लेअर आणला आणि आपल्याच जुन्या कुलपाची गाणी त्यावर वाजणार नाहीत असं ठरवलं. ज्यांनी विश्वासाने वर्गणी भरली होती त्यांनी यातून काय समजायचं?

एकंदरीत, २००७-०८ पर्यंत पत्रकारांनी आणि शेअर बाजाराने निकाल देऊन टाकला : लोकांना वर्गणीची गाणी नकोत. हा निकाल घाईचा होता असं माझं ठाम मत आहे. ऐकण्यासाठी दरमहा पैसे मोजणं जर्मन माणसाला नवं नव्हतं. १९२३ च्या ऑक्टोबरात बर्लिनहून रेडिओ सुरू झाला तेव्हा पहिला परवाना घेणाऱ्या तंबाखूच्या दुकानदाराने ३५० अब्ज मार्क भरले होते. महागाईत चलनाचा पार चुराडा झालेला तो काळ. पुढच्या वर्षी चलन सावरलं आणि महिन्याला दोन मार्क हा दर बसला. ती वर्गणी राजवटी बदलल्या तरी बंद झाली नाही. २००७ पासून इंटरनेट चालणाऱ्या संगणकावर आणि मोबाइलवरही ५ युरो ५२ सेंट आकारायला लागले. २०१३ पासून यंत्र मोजणंच सोडून दिलं आणि घरटी एक रक्कम ठरली, ती २०२१ मध्ये १८ युरो ३६ सेंट झाली. ओपेलमध्ये किंवा र्युसेल्सहाइमच्याच ह्युंदाईच्या तांत्रिक केंद्रात नोकरी घेऊन येणाऱ्या मराठी इंजिनिअरने घराचा पत्ता सरकारदरबारी नोंदवला, की या वर्गणीचं पत्र मागोमाग दारात येतं. घरात रेडिओ नाही, हे उत्तर चालत नाही.

त्याच्या आजोबांना मात्र हे पत्र ओळखीचं वाटलं असतं. आपल्याकडेही रेडिओचं लायसन होतं. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं तेव्हा वर्षाचे दहा रुपये फी होती आणि तिच्यातला मोठा हिस्सा कंपनीला मिळायचा. पहिल्या वर्षअखेर परवाने भरले साडेतीन हजारांच्या आसपास. रेडिओचा संच शेकड्यांत किमतीचा, ऐकण्यासारखे कार्यक्रम थोडे; १९३० मध्ये कंपनी बुडाली आणि सरकारने कारभार हातात घेतला. पुढे हीच फी पंधरा रुपये झाली, पोस्टात जाऊन भरायची, छोट्या पुस्तिकेत नोंद करून घ्यायची. खांद्याला अडकवून शेतावर नेण्याच्या ट्रान्झिस्टरलाही लायसन लागे. आधी कमी पट्ट्यांच्या संचांची फी माफ झाली, मग १९८० च्या दशकाच्या मध्यावर सगळीच गेली. बिनाका गीतमालेची, आकाशवाणीवरच्या भावगीतांची, रविवार सकाळच्या संगीताची आठवण काढणाऱ्या पिढीने ते सगळं वर्गणी भरून ऐकलं होतं, हे आज कुणाच्या लक्षात नसतं. पोर्टेबल यंत्रावरच्या वर्गणीच्या संगीताचा महाराष्ट्राचा अनुभव नॅपस्टरपेक्षा पुष्कळ जुना आहे.

आणि नॅपस्टरच्याच काळात आपल्याकडे त्याचा दुसरा अध्याय चालू होता. वर्ल्डस्पेस.

नोआ समारा या इथिओपियन वंशाच्या माणसाने १९९० मध्ये अमेरिकेत ही कंपनी काढली ती आफ्रिका आणि आशियातल्या लोकांना उपग्रहावरून रेडिओ देण्यासाठी. आवाज दाबून लहान करण्यासाठी तिने जर्मनीतल्या एर्लांगेनच्या फ्राउनहोफर संस्थेचं तंत्र घेतलं, म्हणजे तेच जे पुढे एमपी-थ्री म्हणून घराघरांत गेलं. ते तंत्र छोट्या चिपवर बसवण्याचं काम फ्रायबुर्गच्या एका जर्मन कंपनीने केलं आणि सुरुवातीच्या खिशातल्या एमपी-थ्री प्लेअरांमध्ये याच घराण्यातली चिप होती. र्युसेल्सहाइमच्या लोकलमधला प्लेअर आणि दादरच्या खिडकीतला वर्ल्डस्पेसचा संच नात्याने भावंडं होते असं म्हणायला हरकत नाही. एशियास्टार हा उपग्रह मार्च २००० मध्ये सुटला आणि विषुववृत्तावर १०५ अंश पूर्व रेखांशाशी स्थिर झाला.

मुंबई-पुण्याहून तो उपग्रह आग्नेयेला, आकाशात साधारण अर्ध्या उंचीवर येतो. त्यामुळे संचाबरोबर मिळणारा चपटा अँटेना आग्नेयेच्या खिडकीत ठेवायचा, संचावरची सिग्नलची पट्टी बघत बघत इंचाइंचाने फिरवायचा, जागा सापडली की तिथे कुणी हात लावायचा नाही. ज्यांच्या घराला त्या बाजूला खिडकीच नव्हती किंवा समोर उंच इमारत होती, त्यांना गच्चीपर्यंत तार न्यावी लागायची. संच उचलून दुसऱ्या खोलीत नेला की आवाज बंद. बसमध्ये, गाडीत चालायचा प्रश्नच नव्हता; त्यासाठी शहरात जमिनीवर मनोरे लागले असते आणि ते आपल्याकडे उभे राहिले नाहीत. हातात धरून कुठेही नेता येईल असा दिसणारा तो संच खरं तर एका खिडकीला बांधलेला होता.

तरीही लोकांनी तो घेतला, आणि वर्षाची वर्गणीही भरली, दोन हजार रुपयांच्या आतबाहेर. जगभरातले वर्ल्डस्पेसचे बहुतेक वर्गणीदार भारतात होते. ए. आर. रहमान यांनी कंपनीची ओळखधून केली होती. पण लोकांनी पैसे दिले ते धुनीसाठी नाही. गंधर्व या वाहिनीवर चोवीस तास हिंदुस्थानी शास्त्रीय संगीत असायचं. सकाळी तोडी, दुपारी सारंग, मध्ये जाहिरात नाही, विलंबित ख्याल बातम्यांसाठी मध्येच तोडलेला नाही. फरिश्तावर जुनी हिंदी गाणी. ही गाणी कोणीतरी जाणकार माणूस निवडून, एकामागून एक लावून देत होता. ज्या काळात खासगी एफएमवर तीच वीस गाणी दिवसभर वाजत होती त्या काळात याचं मोल काय होतं हे ज्यांनी ऐकलं त्यांनाच ठाऊक. एखाद्या निवृत्त शिक्षकाला, दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरला, मशिनवर बसलेल्या शिंप्याला हजारो गाण्यांतून निवडत बसायचं नव्हतं. त्यांना चांगलं गाणं चालू हवं होतं.

ऑक्टोबर २००८ मध्ये कंपनीने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. भारतात वर्षभर संच वाजत राहिले, वर्गण्याही घेतल्या जात राहिल्या. मग २००९ च्या डिसेंबरात वर्गणीदारांना कळलं की ३१ तारखेला सेवा बंद होणार. ज्यांनी पुढच्या वर्षाचे, दोन वर्षांचे पैसे आधीच भरले होते त्यांना परतावा मिळाला नाही. संच दुसऱ्या कुठल्या उपग्रहसेवेवर चालणारा नव्हता. उपग्रह आकाशात होता, अँटेना खिडकीत होता, फक्त मधला धंदा संपला होता.

वर्गणीच्या संगीताला विरोध करणारे मालकीचा मुद्दा मांडतात, पण माझ्या मते मराठी वाचकाला मालकीचं एवढं अप्रूप कधीच नव्हतं. गावोगावच्या वाचनालयांची वर्गणी भरून पिढ्यान्‌पिढ्या वाचत्या झाल्या. पुस्तक परत करताना ते आपलं नाही याचं कुणाला दुःख झालं नाही, कारण ते उद्या फळीवर असणार याची खात्री होती. वर्ल्डस्पेसच्या वर्गणीदाराच्या हातून गेलं ते एखादं गाणं नव्हतं. ज्या फळीवर ते असायचं ती फळीच गेली. गंधर्वची ती रोजची निवड, तिच्यामागची जाणकारी, कुठल्याच दुकानात विकत मिळणारी नव्हती. म्हणून ती बंद पडली तेव्हा दुसरी घेऊन भागलं नाही.

परदेशात गेलेल्या मराठी माणसाची गरज आणखी वेगळी होती. म्युझिकलोडवर किंवा जर्मन नॅपस्टरवर भीमसेन जोशींचे अभंग शोधून हाती फारसं लागायचं नाही. पुण्याहून येताना भरून आणलेली हार्ड डिस्क हीच त्याची तिजोरी. ही पोकळी दोन मराठी भावांनी हेरली. स्वप्निल आणि स्नेहल शिंदे या जुळ्या भावांनी २००७ मध्ये धिंगाणा सुरू केलं. एक पाय पुण्यात, एक कॅलिफोर्नियात. भारतातल्या बहुतेक सगळ्या भाषांतली गाणी, जाहिराती सोसल्या तर फुकट, आणि पुढे फोनवरही. २०१२ मध्ये त्यात लाखो डॉलरची गुंतवणूक आली. पण गाण्यांचे हक्क दुसऱ्यांचे होते. टी-सिरीजसोबतचा करार पुढे चालू राहिला नाही आणि २०१४ च्या फेब्रुवारीत धिंगाणा बंद झालं. महिन्याभरात आर्डिओ या अमेरिकी वर्गणी कंपनीने ते विकत घेतलं. नोव्हेंबर २०१५ मध्ये आर्डिओचंही दिवाळं निघालं. पँडोराने साडेसात कोटी डॉलरला तिची तंत्रसामग्री घेतली. पुण्यात घडलेली एक चांगली गोष्ट दोन वर्षांत दोन मालकांच्या हातून गेली. तिच्यावर श्रोत्यांनी जमवलेल्या याद्या, आवडीच्या खुणा, मराठी गाण्यांची लावलेली वर्गवारी, यांचं मोल त्या व्यवहारात कुणी केलं असेल असं वाटत नाही.

जर्मनीत तोवर वारं फिरलं होतं. १३ मार्च २०१२ रोजी स्पॉटिफाय तिथे सुरू झालं. त्याच शरद ऋतूत जर्मन टेलिकॉमने मोबाइलच्या दरमहा योजनेतच स्पॉटिफाय घालून दिलं, गाण्यांना लागणारा डेटा वेगळा न मोजता. ज्या घराण्याने पाच वर्षांपूर्वी डार्मस्टाटहून कुलपांबद्दल तक्रार केली होती त्यानेच हे केलं. रक्कम जवळपास नॅपस्टरच्या संगणकावरच्या योजनेचीच होती, महिन्याला दहा युरोंच्या आत. बदललं ते बाकी सगळं. तार जोडायची गरज नाही, फोन आपोआप परवाना ताजा करून घेतो. तीसच दिवसांची मुदत, पण ती कुणाला जाणवत नाही. गाडीतही ब्लूटूथवर वाजतं. कुलूप होतंच, फक्त ते आता ग्राहकाच्या हाताला लागत नव्हतं. २०१८ मध्ये जर्मनीत स्ट्रीमिंगची कमाई सीडीच्या पुढे गेली आणि ज्यांनी लोकांना वर्गणी नकोच असं लिहिलं होतं त्यांना आपले जुने लेख विसरावे लागले. यात एक गोष्ट मात्र नोंदवलीच पाहिजे. पोर्टेबल म्युझिक प्लेअरवर वर्गणी कधीच जिंकली नाही. ती जिंकली तोवर प्लेअर फोनच्या पोटात गेला होता. ॲपलने २०२२ च्या मे महिन्यात आयपॉड बंद केला तेव्हा फार थोड्यांना त्याचं काही वाटलं. आणि खुद्द ॲपल २०१५ पासून महिन्याच्या वर्गणीवर संगीत देतच होती.

पण गोष्ट इथे संपत नाही, निदान आपल्याकडे तरी. स्पॉटिफाय भारतात यायच्या दोन वर्षं आधी, २०१७ मध्ये, सारेगामाने कारवां आणला. जुन्या रेडिओच्या घाटाचा संच, आत पाच हजार गाणी आधीच भरलेली, किंमत एकदाच, सहा हजारांच्या आत. वर्गणी नाही, इंटरनेट नाही, लॉगिन नाही. गोल बटण फिरवलं की लताबाई, आणखी फिरवलं की किशोरकुमार. जाणकारांनी सुरुवातीला हा मागे जाण्याचा प्रकार मानला. पहिल्या काही वर्षांत दहा लाखांहून अधिक संच खपले, मराठी गाण्यांचाही वेगळा संच निघाला, आणि घेणारे बहुतेक तरुण होते, आईवडिलांसाठी घेणारे. स्वतः ते फोनवर महिन्याची वर्गणी भरत होते. र्युसेल्सहाइमसारख्या गावांतून सुट्टीला आलेल्या कितीतरी मुलांनी जाण्याआधी घरी कारवां घेऊन ठेवला आणि स्वतःच्या फोनवर फॅमिली प्लॅन चालू केला.

या दोन खरेद्या परस्परविरोधी नाहीत. मुलाला हव्यात सगळ्या जगाच्या गाण्यांच्या वाटा, आणि तो त्यांचं भाडं भरायला तयार आहे. आईला हवी आहेत तीच ती चारशे गाणी, उद्या सकाळी, नक्की. गंधर्व वाहिनीने या दोन्ही गरजा एकाच संचात, एकाच वर्गणीत काही वर्षं भागवल्या होत्या, आणि तशी दुसरी सेवा अजून माझ्या पाहण्यात नाही. आजच्या कुठल्याही ॲपवर तोडीच्या शेकडो ध्वनिमुद्रिका मिळतात. सकाळी नऊ वाजता त्यांतली कुठली लावायची आणि तिच्यानंतर कुठली, हे सांगणारा तसा माणूस मात्र मला त्यांच्यावर भेटलेला नाही.